आशियाचा रस्ता पारोळ्यावरून

मुलांनो, घरात आशिया खंडाचा नकाशा असेल तर तो काढून समोर ठेवा. डावीकडे तांबड्या समुद्राच्या काठावर सौदी अरेबियातलं जेद्दा शहर सापडेल. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे बास्केटबॉलची आशिया चषक स्पर्धा झाली. सोळा देश उतरले होते. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने चीनला ९० विरुद्ध ८९ असं हरवलं. म्हणजे फक्त एका गुणाने! (ऑस्ट्रेलिया आशियात कुठून आला, असं तुम्ही विचाराल. आमच्या वर्गातही लगेच हात वर झाले होते. २०१७ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देशही या चषकात खेळतात.)

भारतही जेद्दाला होता. आपण तिन्ही सामने हरलो, पण जॉर्डनविरुद्धचा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेपर्यंत गेला होता. आणि मुळात जेद्दाला पोचणं काही सोपं नव्हतं. त्याआधी पात्रता फेरी असते. चार-चार देशांचे गट करतात आणि एकमेकांच्या देशात जाऊन खेळावं लागतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताने चेन्नईत कझाकस्तानला हरवलं. तरी थेट प्रवेश मिळाला नाही. मग मार्च २०२५ मध्ये बहारीनला जाऊन अगदी शेवटच्या फेरीत आपण जागा मिळवली.

पात्रता फेरी म्हणजे आपली आजी गहू चाळते ना, तशी चाळणी. एका चाळणीतून निघालं की दुसरी असते, तिची भोकं आणखी बारीक. आता बोट जेद्दावरून उचला आणि उजवीकडे सरकत महाराष्ट्रात या. तापी नदी शोधा. तिच्या दक्षिणेला दोन ठिपके दिसतील, जळगाव आणि धुळे. मधे साधारण नव्वद किलोमीटर अंतर. या चाळण्यांपैकी अगदी सुरुवातीची एक मी याच नव्वद किलोमीटरच्या टोकाला पाहिली. आमच्या शाळेच्या चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ विभागीय स्पर्धेसाठी धुळ्याला गेला, तेव्हा त्यांच्यासोबत मी होते.

मी काही क्रीडाशिक्षिका नव्हे. मी चौथीला परिसर अभ्यास शिकवते. पण मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत बाई हव्यात, आणि मुक्कामाचं नाव काढल्यावर बाकीच्या बायांना घरची अडचण होती. माझी नव्हती.

जळगावहून धुळ्याला आगगाडीने जायचं तर आधी चाळीसगावला जाऊन गाडी बदलावी लागते. म्हणून सगळे एसटीनेच जातात. सकाळी साडेसहाची बस. बारा मुली, आमचे खेळाचे सर, मी, चेंडूंची एक जाळी आणि दशम्यांचे इतके डबे की कंडक्टर म्हणाले, "बाई, संघ निघालाय की वऱ्हाड?"

शहर सोडलं की थोड्याच वेळात गिरणा नदीचा पूल लागतो. पलीकडे टेकडीवर विद्यापीठ दिसतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्यांचं नाव आज पदवीच्या कागदावर छापलं जातं. हे सांगितल्यावर आमची कर्णधार म्हणाली, "मग बाई, आमच्या एका रिंगवर कुणी हसायला नको."

एका रिंगचं काय ते सांगते. बास्केटबॉलच्या मैदानाला दोन टोकांना दोन रिंगा असतात. आमच्याकडे सिमेंटचं मैदान आहे, पण एकीकडचा खांब वाकला आणि काढून टाकला, तो परत बसलाच नाही. त्या टोकाला सरांनी भिंतीवर खडूने गोल काढून दिलाय. उरलेल्या एका रिंगच्या डाव्या हाताला कडुनिंबाचं मोठं झाड आहे. सावली छान पडते, पण फांद्या आडव्या येतात. म्हणून आमच्या मुली नेहमी उजवीकडूनच धावत जाऊन चेंडू टाकतात. हे झाड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाळधी गेलं, एरंडोल आलं. हे अंजनी नदीकाठचं गाव. महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, असं इथले लोक सांगतात. बकासुराची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. गाडाभर अन्न खाणाऱ्या बकासुराची आठवण निघाल्यावर डबे उघडायला निमित्तच मिळालं! दशमी, शेंगदाण्याची चटणी, आणि एका मुलीच्या आजीने दिलेलं वांग्याचं भरीत. खान्देशात थंडीत भरीत नसेल तर ती थंडी कसली? सरांनी मात्र प्रत्येकीला एक-एक केळं दिलं आणि बाकीचं सामन्यानंतर, असं म्हणून भरिताचा डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला. त्या डब्यावर धुळ्यापर्यंत बारा जणींची नजर होती.

एरंडोलच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस. वेचणी चालू होती. रस्त्याला लागून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पांढऱ्याशुभ्र भरलेल्या. हळूहळू बोलणंही बदलतं. जळगावच्या बाजारात जी बोली ऐकू येते ती मागे पडते आणि अहिराणी सुरू होते. पारोळ्याला एक आजी चढल्या. मुलींच्या एकसारख्या बनियनकडे बघत त्यांनी विचारलं, "कोठे चालनात वं पोरीस्वन?" धुळ्याला, खेळायला, असं सांगितल्यावर त्यांनी आमच्या सगळ्यांत उंच पोरीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. काही बोलल्या नाहीत. पिशवीतून मूठभर शेंगा काढून तिच्या ओंजळीत टाकल्या.

ही पोरगी सातवीत आहे आणि तिची उंची आत्ताच पाच फूट सहा इंच. गल्लीत तिला काय काय नावं ठेवतात ते मी इथे लिहीत नाही. तुमच्याही वर्गात असं कुणी असेल. ती वाकून चालायची. सहावीत सरांनी तिच्या हातात चेंडू दिला तेव्हापासून ताठ चालते. प्रश्न वेगळाच होता. आमची शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीला तिच्या घराजवळची शाळा बघून ठेवलेली होती. तिथे बास्केटबॉलचं मैदान नाही. मैदान असलेली शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या वडिलांनी निघताना मला एवढंच म्हटलं होतं, "बाई, बघा तुम्ही. खरंच काही आहे का तिच्यात, का नुसती उंची आहे?" मी काय बघणार! पण हो म्हटलं.

पारोळ्याला गावात भुईकोट किल्ला आहे. भुईकोट म्हणजे डोंगरावर न बांधता सपाट जमिनीवर बांधलेला. तो बघायचा राहिला, बस थांबते कुठे! मुकटी, फागणे ही गावं गेली आणि पांझरा नदीकाठचं धुळे आलं.

धुळ्याची एक गंमत सांगते. इथे गल्ल्यांना आकडे आहेत. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच, अशी लोक पत्ते सांगतात. १८१९ च्या सुमाराला इंग्रजांच्या कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे खान्देशाचं मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखून वसवली. रस्ते सरळ, काटकोनात. पुढे १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेकडचा आजचा जळगाव, पश्चिमेकडचा धुळे. धुळ्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे त्या दिवशी मैदानावर जे संघ एकमेकांसमोर उभे राहिले, त्यातले बरेचसे एकाच घरातून वेगळे झालेल्या भावांचे म्हणायचे.

संघ आठ होते. शालेय स्पर्धेत राज्याचे आठ विभाग आहेत. आपला नाशिक विभाग. त्यात जिल्ह्याचा संघ वेगळा आणि महानगरपालिकेचा वेगळा धरतात, म्हणून जळगावचे दोन, धुळ्याचे दोन, नाशिकचे दोन, मालेगाव आणि नंदुरबार. हरला तो घरी. तीन सामने जिंकले की राज्य स्पर्धा. तिथे आठ विभागांचे विजेते भेटतात.

मुलींनी उतरल्या उतरल्या काय केलं असेल? मैदान पावलांनी मोजलं. लांबी २८ मीटर, रुंदी १५ मीटर. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर. रिंगचा व्यास ४५ सेंटीमीटर. मुलींचा चेंडू साधारण २३ सेंटीमीटरचा असतो. म्हणजे दोन चेंडू शेजारी-शेजारी जवळजवळ मावतील इतकी ती रिंग मोठी आहे. खालून बघताना मात्र बांगडीएवढी दिसते.

हे दहा फूट कुठून आले? १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते. बाहेर बर्फ, मुलं आत कोंडलेली आणि दंगा करणारी. (शिक्षकांना हे सांगायला नको.) त्यांनी पीच फळाच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि त्यात चेंडू टाकायला लावला. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर! टोपल्यांना बूड होतं, त्यामुळे दर वेळी चेंडू वर जाऊन काढावा लागे. पुढे एक-दीड वर्षातच तिथल्या मुलीही हा खेळ खेळू लागल्या. भारतात तो वाय.एम.सी.ए. या संस्थेमुळे रुजला. मुंबईत नागपाड्याची वस्ती तर या खेळासाठी देशभर ओळखली जाते. तिथल्या गल्लीत वाढलेले अब्बास मुंतसीर भारताकडून खेळले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९७५ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत चौथा आला होता. त्याच्या वर आपण अजून गेलेलो नाही.

आमचा पहिला सामना नंदुरबारशी. त्या मुली पळायला अशा चपळ की आमच्या पोरींची धाप लागली. पण त्यांच्याकडे उंच कुणी नव्हतं. रिंगला लागून परत आलेला चेंडू दर वेळी आमच्या उंच पोरीच्या हातात. आम्ही २४-१९ ने जिंकलो. भरिताचा डबा उघडला. नंदुरबारच्या मुलींनाही दिलं, त्यांनी त्यांच्याकडचं मिरचीचं लोणचं दिलं. ते इतकं तिखट होतं की आमची कर्णधार नळाखाली तोंड धरून बसली.

दुपारी उपांत्य सामना नाशिक शहराशी. त्यांचा संघ तयारीचा, हे सराव बघतानाच कळलं. त्यांच्या शिक्षिका कडेला वही घेऊन बसल्या होत्या. आमच्या मुलींनी सुरुवातीला लागोपाठ तीन बास्केट केल्या, तिन्ही उजवीकडून. चौथ्या वेळी नाशिकच्या दोन मुली आधीच उजवीकडे येऊन उभ्या! डावीकडे सगळं मोकळं. पण आमच्या पोरी डावीकडे वळेचनात. झाड होतं ना तिथे! धुळ्यात झाड नव्हतं, पण पायांना ते कोण सांगणार? सर कडेवरून ओरडत होते, "डावीकडून! डावीकडून!" पोरी तिकडे दोन पावलं जायच्या आणि परत उजवीकडे.

मध्यंतराला १९-११ असे आम्ही मागे. सरांनी पाणी दिलं, रागावले नाहीत. त्यांनी त्या उंच पोरीला फक्त विचारलं, "डाव्या हाताने शेंगा सोलता येतात का?" ती हसली. म्हणाली, "सर, मी डावखुरीच आहे. लहानपणी हात बदलायला लावला."

हे मला चार वर्षांत ठाऊक नव्हतं आणि सरांनाही नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्या सामन्यात ती डावीकडून गेली. पहिला चेंडू फळीच्या मागे गेला. दुसरा रिंगवर फिरून बाहेर पडला. तिसरा आत. मग चौथाही. कडेला धुळ्याच्या काही बाया उभ्या होत्या, त्यांच्या मुली संध्याकाळी खेळणार होत्या. त्यांना आमच्या संघाशी काही देणंघेणं नव्हतं, पण त्या ओरडायला लागल्या, "फेक वं माय, फेक!" फरक आठाचा सहा झाला, चार झाला, दोन झाला. शेवटचं दीड मिनिट राहिलं असताना तिचा पाचवा फाउल झाला. पाच फाउल झाले की खेळाडूला बाहेर बसावं लागतं. नियम आहे. ती बाकावर येऊन बसली आणि टॉवेल तोंडावर घेतला. आम्ही ३१-२७ ने हरलो.

त्या संध्याकाळी परतीची गाडी मिळाली असती, पण मुक्काम ठरलेला होता, आणि सर म्हणाले, अंतिम सामना बघूनच जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नाशिक आणि धुळे यांच्यात झाला. नाशिक जिंकलं. त्यांच्या वहीवाल्या बाई नंतर आपणहून आमच्याकडे आल्या. आमच्या उंच पोरीचं वय विचारलं, शाळा विचारली, आणि तिला म्हणाल्या, "डावा हात आता सोडू नकोस."

पंचांपैकी एक जण मोकळे झाले तेव्हा मुलींनी त्यांना घेरलं. इथून भारताच्या संघात कसं जायचं? त्यांनी धुळीत काडीने शिडी काढून दाखवली. शाळांची शिडी एक: तालुका किंवा महानगरपालिका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय शालेय स्पर्धा. खेळाच्या संघटनेची शिडी दुसरी: जिल्हा संघ, राज्य अजिंक्यपद, मग वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा. तिथे चांगलं खेळणाऱ्यांना भारताच्या शिबिरात बोलावतात. शिबिरातून बारा जणी निवडतात. आणि आशिया स्पर्धेआधी शेजाऱ्यांची चाळणी: श्रीलंका, नेपाळ, मालदीव, बांगलादेश, भूतान. सोळा आणि अठरा वर्षांखालच्या गटांत दक्षिण आशियातून जो जिंकेल तो पुढे.

"आपल्याकडचं कुणी गेलंय का तिथवर?" कर्णधाराने विचारलं.

पुण्याची शिरीन लिमये गेली. जुलै २०१७ मध्ये बंगळूरला महिलांच्या आशिया चषकाच्या ब गटाची स्पर्धा झाली. जो जिंकेल तो देश वरच्या अ गटात जाणार. भारत आणि कझाकस्तान यांचा अंतिम सामना ७५-७३ असा सुटला, आणि त्या दोन गुणांनी भारत वर गेला. शिरीन त्या संघात होती. पुढे ती भारताची कर्णधारही झाली. हे ऐकताना मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. दोन गुण! आदल्या दिवशी आमच्यातही दोनाचाच फरक उरला होता, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

बस दुपारची होती. मधल्या वेळात मी मुलींना राजवाडे संशोधन मंडळाची इमारत दाखवली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रं गोळा करायचे. धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ ला ते वारले. इथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हेही सांगितलं. मुली हो-हो म्हणाल्या. खरं सांगते, त्यांचं लक्ष समोरच्या शेवभाजीच्या दुकानाकडे होतं. मग तिथेच गेलो.

जळगाव स्थानकावर पालक घ्यायला आले होते. उंच पोरीचे वडील स्कूटर घेऊन उभे. मी त्यांना डाव्या हाताचं सांगितलं, नाशिकच्या बाईंचं सांगितलं, पाचव्या फाउलचंही सांगितलं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दुसऱ्या शाळेपर्यंत मी मीटर लावून पाहिलं काल. सव्वासहा किलोमीटर आहे. सकाळी मी सोडीन. दुपारच्या परतीचं काही जमतंय का बघतो. तिकडून एखादी बस येते का, बाई?"

येते. पण ती पाऊण तास उशिरा. तेवढ्या वेळात मैदान मोकळं असतं.